पडद्यावरची अक्षरे जातात कुठे?

वीज जाते, संगणकाचा पडदा काळा होतो आणि तासभर टंकलेला मजकूर नाहीसा होतो. दिवा मालवला म्हणून वहीतली अक्षरे काही पुसली जात नाहीत. मग पडद्यावरचीच का पुसली जावीत?

प्रश्न केवळ पुन्हा टंकण्याच्या त्रासाचा नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल या गावाचे उदाहरण घ्या. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा या तालुक्यात पसरलेला आहे. तेथील भूजलात क्षारांचे प्रमाण जास्त असते. समजा, गावातल्या विद्यार्थ्यांनी मे महिन्यात २० विहिरींच्या पाण्यातील क्षार मोजले आणि आकडे थेट संगणकात लिहिले. निबंध हरवला तर तो पुन्हा लिहिता येतो. पण पाऊस पडून विहिरींचे पाणी बदलल्यावर मे महिन्यातले आकडे पुन्हा कोठून आणणार?

गळके माठ

संगणकाला दोन प्रकारच्या स्मृती असतात. तुम्ही टंकता तो मजकूर आधी ‘रॅम’ या तात्पुरत्या स्मृतीत जातो. ही स्मृती अतिशय सूक्ष्म धारित्रांची, म्हणजे कपॅसिटरांची बनलेली असते. धारित्रात विद्युतभार असला तर १, नसला तर ०. आय.बी.एम. कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचे पेटंट १९६८ साली मिळाले. परंतु ही धारित्रे म्हणजे गळके माठच होत! त्यांतील भार सतत पाझरत असतो. म्हणून संगणक साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला सुमारे १६ वेळा, प्रत्येक माठ पुन्हा भरतो. वीज गेली की भरणारा थांबतो आणि माठ रिकामे होतात.

दुसरी स्मृती कायमची. हार्ड डिस्कमध्ये माहिती चुंबकीय खुणांच्या रूपात राहते, तर पेन ड्राइव्हमध्ये विद्युतभार विद्युतरोधकाच्या आत कोंडलेला असतो. तेथे वीज नसली तरी माहिती टिकते. ‘सेव्ह’ करणे म्हणजे गळक्या माठातले पाणी पक्क्या टाकीत ओतणे.

सेव्ह केले, तरी गेले?

कधी कधी सेव्हची आज्ञा देऊनही मजकूर साठवला जात नाही. त्याची काही कारणे अशी : डिस्क भरलेली असते, फाइल केवळ वाचण्यासाठी उघडलेली असते, किंवा पेन ड्राइव्ह घाईने ओढून काढलेला असतो. संगणक पेन ड्राइव्हवर लिहायचा मजकूर कधी कधी थोडा वेळ रॅममध्येच थांबवून ठेवतो. म्हणून ‘इजेक्ट’ची आज्ञा देऊन मगच पेन ड्राइव्ह काढावा.

लिहिण्याच्या ऐन मध्यात वीज गेली तर? जुन्या फाइलवरच नवी लिहिली जात असेल, तर जुनीही जाते आणि नवीही अर्धी राहते. म्हणून चांगल्या आज्ञावली आधी वेगळ्या नावाने पूर्ण नवी फाइल लिहितात आणि ती नीट झाल्यावरच जुनीच्या जागी ठेवतात. नवे घर बांधून झाल्यावर जुने पाडावे, तसेच हे.

‘साठवता आले नाही’ अशी सूचना आली तर घाबरू नका. मात्र ती खिडकी बंद करू नका! मजकूर अजून रॅममध्ये आहे. ‘सेव्ह ॲज’ने दुसऱ्या नावाने, दुसऱ्या जागी साठवून पाहा. ते जमले नाही तर सगळा मजकूर निवडून, कॉपी करून नोटपॅडमध्ये उतरवा आणि तेथे साठवा. तेही साधले नाही तर मोबाइलने पडद्याची छायाचित्रे घ्या.

आपोआप साठवण

वर्ड आणि लिबरऑफिस रायटर या आज्ञावली ठरावीक वेळाने आपोआप एक तात्पुरती प्रत ठेवतात. हा काळ सहसा १० मिनिटांचा असतो. तुम्ही मिनिटाला २० शब्द टंकत असाल तर १० मिनिटांचे २०० शब्द धोक्यात असतात. हाच काळ २ मिनिटांवर आणला तर फार तर ४० शब्द जातील. तरीही ही प्रत केवळ अपघातापुरती आहे. प्रत्येक परिच्छेदानंतर ‘कंट्रोल’ आणि ‘एस’ या कळा एकत्र दाबण्याची सवयच खरी.

एकापेक्षा दोन बऱ्या

डिस्कही बिघडते. म्हणून महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. तत्त्व जुनेच आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्याची कथा तुम्हांला ठाऊक आहेच. पण त्यांचे अभंग लोकांच्या मुखीही होते आणि पुढे अनेक वह्यांत उतरवले गेले.

प्रत आहे असे मानणे मात्र पुरेसे नाही. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या बहुतेक फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. राखीव प्रती काढून पाहिल्या, तर त्या सदोष निघाल्या! गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, म्हणून काम वाचले. तेव्हा साठवलेली फाइल एकदा बंद करून पुन्हा उघडून पाहावी. उघडली तरच ती साठवली गेली असे समजावे.

करून पाहा

एका कोऱ्या फाइलीत पाच ओळी टंकून साठवा. आणखी तीन ओळी टंका आणि न साठवता फाइल बंद करा. पुन्हा उघडल्यावर किती ओळी दिसतात? उरलेल्या ओळी आधी कोणत्या स्मृतीत होत्या, हे वर्गातील मित्रांना समजावून सांगा. आणि विहिरींचे आकडे घेताना ते आधी वहीत पेनाने लिहा. त्या प्रतीला वीज लागत नाही.