एका साखरेवाचून

वेळापूरच्या शिबिरात कार्डावर रक्तगट लिहिला की दाता चहाकडे वळतो. हा गट ठरतो कशावरून ते बघून या, असं संपादक म्हणाले, म्हणून परळ गाठलं. केईएम रुग्णालयाच्या आवारात तेराव्या मजल्यावर नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. १९५७ साली ती रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. आपल्या कामाची गोष्ट त्याआधीची. १९५२ मध्ये डॉ. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मुंबईतल्या अशा माणसांची नोंद केली, ज्यांना ओ रक्तसुद्धा चालत नव्हतं. तोच बॉम्बे रक्तगट.

ए, बी, ओ हे रक्तगट म्हणजे पेशीच्या अंगावरच्या साखरेच्या साखळ्या. टोकाला फ्युकोज नावाची साखर जोडली की एच नावाचा पाया तयार होतो. त्यावर आणखी एक साखर चढली तर ए किंवा बी, नाही चढली तर ओ. फ्युकोजच बसली नाही, तर पुढचं सगळं अडतं: एचही नाही, म्हणून ओ रक्तातला एच अशा शरीराला परका. हाच बॉम्बे गट. ही जोडणी होते अस्थिमज्जेत, तांबडी पेशी अजून घडत असताना. प्रथिनं बारीक पुटिकांतून पेशीतल्या गॉल्जी नावाच्या कारखान्यात येतात आणि तिथली एन्झाइम एकामागून एक साखर लावत जातात. भारतातल्या बॉम्बे गटात बहुधा फ्युकोज जोडणारं एन्झाइमच बिघडलेलं सापडतं: साडेतीनशेच्या वर अमिनो आम्लं, त्यांतलं २४२वं बदललेलं. एवढ्याशा बदलाने केवढी अडवणूक!

मला मात्र गुंतवलं ते गॉल्जीच्या एका दाराने. १९९२ मध्ये इस्रायलमधल्या दोन मुलांत बॉम्बे गट आढळला; शिवाय त्यांना सारखे जंतुसंसर्ग होत. अशा रुग्णांत एन्झाइम शाबूत असतं. फ्युकोज गॉल्जीत आत नेणारं वाहक प्रथिन नादुरुस्त असतं, हे २००१ मध्ये उलगडलं. माल बाहेर पडून, कारागीर आत रिकामे. फ्युकोजवाचून पांढऱ्या पेशींनाही रक्तवाहिनीच्या भिंतीला धरता येत नाही, म्हणून संसर्ग. अशाच एका मुलाला तोंडावाटे फ्युकोज दिली, तेव्हा संसर्ग कमी झाले.

आपल्याकडची काळजी वेगळी. नुसत्या पेशी तपासल्या तर बॉम्बे गट ओच दिसतो. दात्याचा सीरम ओ पेशींवर टाकून उलटी तपासणी केली, तरच गुठळ्या होऊन तो उघडा पडतो. ती केली नाही, तर त्या दात्याच्या तांबड्या पेशी ओ म्हणून खपून जातात, सहसा कुणाचं बिघडत नाही. कार्डावरची चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. मग एखाद्या रात्री बाळंतपणात किंवा अपघातात त्याच्याच रक्ताशी पिशवी जुळवून बघायला क्रॉसमॅच लावावा, तर ओची एकेक पिशवी नापास होत जाते. भारतात ढोबळमानाने दहा हजारांत एक असा माणूस. साध्या शीतपेटीत रक्त ३५ दिवस टिकतं, तेव्हा दुर्मीळ पिशवी साठवून ठेवणार किती? ग्लिसरॉल घालून उणे ६५ अंशांखाली गोठवलं तर दहा वर्षं राहतं, पण ती यंत्रणा मोजक्याच ठिकाणी; शिवाय वितळवून, धुऊन घ्यायलाही वेळ लागतो. म्हणून जाणकार आधी सख्खी भावंडं तपासतात: दोष आईबाप दोघांकडून आलेला, तेव्हा प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता चारात एक. भावंड जुळलं, तरी त्याला रात्रीतून वेळापूरहून गाडीत बसवून रुग्णालयात पोहोचवायचं असतंच.