परक्या घरची लेक

आजच्या भागात आपण एका वेगळ्याच पाहुणीची माहिती घेणार आहोत. ती पंचवीस वर्षांची आहे, पदवीधर आहे, आपल्या देशात गाडी चालवते, स्वतःचा पगार मिळवते. पण दुसऱ्या देशातल्या एका खेड्यात येताच तिला पाणी कसं मागायचं हेही येत नाही. हाताने भात कालवता येत नाही, बादलीत कपडे धुता येत नाहीत. अशी पाहुणी तीन महिने आपल्या घरी राहायला आली, तर तिला कोण शिकवेल? घरची बाईच शिकवेल. नेपाळमधल्या खेड्यांत नेमकं हेच घडत आलं आहे.

आधी ही पाहुणी येते कुठून ते पाहू. अमेरिकेत 1961 साली राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी पीस कॉर्प्स नावाची सरकारी संस्था सुरू केली. तिचे स्वयंसेवक दुसऱ्या देशांत जाऊन शेती, शिक्षण, आरोग्य, पोषण अशा कामांत स्थानिक लोकांबरोबर काम करतात. साधारण सत्तावीस महिन्यांची ही सेवा असते. त्यातले पहिले सुमारे तीन महिने प्रशिक्षणाचे. ते नीट पार पडले, भाषेची परीक्षा झाली, की शपथ घ्यायची. मग ती स्वयंसेविका म्हणवते. तोवर ती नुसती प्रशिक्षणार्थी.

हे स्वयंसेवक आपल्याकडेही येत असत. 1961 पासून 1976 पर्यंत ते भारतात होते. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर पेशाने परिचारिका. त्या 1966 साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, याच संस्थेतर्फे मुंबईत आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत त्यांनी रुग्णसेवा केली. शिकायला वय आडवं येत नाही, हे सांगायला आपल्याला लांबचं उदाहरण शोधावं लागत नाही.

नेपाळमध्ये पहिले स्वयंसेवक 1962 साली पोहोचले. तिथल्या सशस्त्र संघर्षामुळे 2004 साली काम थांबलं आणि 2012 साली पुन्हा सुरू झालं. सुरुवातीच्या काळात बरंचसं प्रशिक्षण अमेरिकेतल्या विद्यापीठांत होत असे. पुढे ते ज्या देशात काम करायचं त्या देशातच होऊ लागलं, आणि प्रशिक्षणार्थींना गावातल्या कुटुंबांत ठेवण्याची पद्धत रुळली. वर्गात वाक्य पाठ होतं, पण ते वापरायला माणसं लागतात, म्हणून ही व्यवस्था.

आता तिचा दिवस पाहू. नेपाळी घर पहाटेच जागं होतं. चुलीवर किंवा गॅसवर 'चिया' म्हणजे चहा होतो. तो घेऊन आपली पाहुणी भाषेच्या वर्गाला जाते. वर्ग म्हणजे गावातल्याच एखाद्या घराची ओसरी किंवा खोली. चार-पाच जण आणि एक नेपाळी शिक्षक. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पहिलं मोठं जेवण होतं: डाळ, भात, तरकारी आणि जोडीला लोणचं. दुपारी शेती, आरोग्य, सुरक्षितता यांचे तास. मग 'खाजा'. आपल्याकडे खाजं म्हटलं की कोकणातल्या जत्रेतला गोड पदार्थ आठवतो. तिथे खाजा म्हणजे मधल्या वेळचं खाणं, चिउरा म्हणजे पोहे किंवा भाजलेला मका. संध्याकाळी पुन्हा डाळभात, आणि लवकर निजानीज. शनिवारी सुटी. तो दिवस धुण्याचा.

आंघोळ हा पहिला मोठा धडा. अनेक ठिकाणी ती अंगणातल्या किंवा वाटेवरच्या नळावर करायची असते. नळाला तिथे 'धारा' म्हणतात. बायका छातीपासून कापड गुंडाळून, कुणाची नजर अवघडणार नाही अशा बेताने आंघोळ करतात आणि तशाच ओल्या कपड्यावरून कोरडे कपडे चढवतात. नदीकाठी वाढलेल्या आपल्या आया-आज्यांना हे सहज जमायचं. बंद न्हाणीघराची सवय असलेल्या मुलीला ते शिकावं लागतं, आणि शिकवणारी असते घरची आई किंवा वहिनी.

दुसरा धडा स्वयंपाकघराचा. चपला बाहेर. जेवण उजव्या हाताने. वस्तू देताना-घेताना उजवा हात पुढे आणि डावा हात उजव्या कोपराला लावलेला. ते आदराचं चिन्ह. बसलेल्या माणसाला ओलांडून जायचं नाही. आणि सगळ्यांत अवघड नियम म्हणजे 'जुठो', आपल्या भाषेत उष्टं. स्वतःच्या ताटातला चमचा भाजीच्या पातेल्यात घातला, तर ते अख्खं पातेलं उष्टं होतं. आपल्याला हे कुणी शिकवल्याचं आठवतही नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं. तिला मात्र प्रत्येक घासाला भान ठेवावं लागतं.

वाढण्याचा आग्रह तर आपल्यासारखाच. भात संपत आला की आई पुन्हा वाढणार. तेव्हा ताटावर हात आडवा धरून म्हणायचं 'पुग्यो', म्हणजे पुरे. प्रशिक्षणार्थींना हा शब्द फार लवकर शिकावा लागतो! रस्त्यात भेटणारी बाईही 'भात खाल्लास का' या अर्थाचा प्रश्न विचारते. तिला जेवणाचा हिशोब नको असतो. आपण 'बरं आहे ना?' म्हणतो तसंच ते असतं.

भाषेची गंमत आपल्याला अधिक कळेल, कारण नेपाळी आणि मराठी दोन्ही देवनागरीत लिहितात. पण शब्द दिसायला सारखा असला, तरी अर्थ फिरतो. नेपाळीत 'बहिनी' म्हणजे धाकटी बहीण; ऐकायला ते आपल्या 'वहिनी'सारखं वाटतं. मोठी बहीण 'दिदी', मोठा भाऊ 'दाइ', आई 'आमा'. घरात आलेल्या मुलीला नावाऐवजी नात्याने हाक मारतात, आणि त्या एका हाकेने तिची घरातली जागा ठरते. बहिनी म्हटलं की मोठ्यांनी तिची काळजी घ्यायची आणि तिने त्यांचं ऐकायचं.

इथेच खरी अडचण सुरू होते. कुठे निघालीस? कुणाबरोबर? कधी येणार? एकटीच का बसलीस? जी मुलगी कित्येक वर्षं एकटी राहिली, तिला हे प्रश्न जाचतात. थकून ती खोलीचं दार लावून बसते. तिच्या देशात त्याचा अर्थ 'मला जरा विश्रांती हवी' एवढाच. पण बाहेर आमाच्या मनात येतं, हिचं काय बिनसलं? माझं जेवण आवडलं नाही का? पोरगी उशिरा परतली, तर शेजारीपाजारी बोल लावणार ते आमालाच. एक जण मोकळीक शोधते आहे, दुसरी जबाबदारी निभावते आहे. दोघींचंही चुकत नाही, पण दोघींनाही त्रास होतो.

म्हणून काही गोष्टी आधीच ठरलेल्या असतात. प्रशिक्षणार्थीला स्वतंत्र खोली आणि आतून-बाहेरून बंद करता येईल असं दार हवं. पिण्याचं पाणी उकळून, गाळून हवं. राहण्या-जेवणाचे पैसे कुटुंबाला मिळतात. कुटुंबांनाही आधी माहिती दिली जाते आणि काही खटकलं तर मध्ये बोलायला संस्थेचा नेपाळी माणूस असतो. व्यवहार स्पष्ट असला की माया कमी होत नाही, उलट मनात अढी राहत नाही.

एक विषय मात्र कुठल्याही नियमाने सहज सुटत नाही, तो पाळीचा. आपल्याकडे 'कावळा शिवला' म्हणत बायका बाजूला बसायच्या, काही घरांत अजूनही बसतात. नेपाळमध्येही कित्येक घरांत त्या दिवसांत स्वयंपाकघर आणि देवघर बंद असतं. पश्चिम भागात तर बाईला घराबाहेरच्या खोपटात ठेवण्याची 'छाउपडी' नावाची प्रथा होती. थंडी, धूर आणि सर्पदंश यांनी तिथे बायका दगावल्या. 2017 साली झालेल्या कायद्याने ती गुन्हा ठरली. पाहुणीपुढे प्रश्न असतो: सांगायचं की लपवायचं? सांगितलं तर वेगळं बसावं लागेल, लपवलं तर आमाशी खोटं वागल्यासारखं वाटेल. आम्हाला वाटतं, अशा वेळी भांडणापेक्षा प्रश्न विचारणं अधिक उपयोगी पडतं. 'आमा, तुमच्या आईच्या वेळी कसं होतं? तुमच्या लेकीनेही असंच बसावं असं तुम्हाला वाटतं का?' बाहेरून आलेली मुलगी प्रथा मोडू शकत नाही, पण घरातल्या दोन पिढ्यांना एकमेकींशी बोलतं करू शकते.

तीन महिन्यांनी तोंडी परीक्षा होते. परीक्षक नेपाळीत गप्पा मारतो आणि तिला कितपत बोलता येतं ते ठरवतो. त्या वेळी तिच्या तोंडी येणारी कितीतरी वाक्यं चुलीपाशी आणि धाऱ्यावर शिकलेली असतात. प्रमाणपत्रावर आमाचं नाव नसतं. पण एका मोठ्या माणसाला नव्याने बोलायला, खायला, चारचौघांत वावरायला शिकवणं हे शिक्षिकेचंच काम आहे, आणि अनेकदा स्वतः शाळेत फारशी न गेलेली बाई ते करत असते.

मैत्रिणींनो, आपल्या गावातही परजिल्ह्यातून शिक्षिका येतात, परिचारिका येतात, समाजकार्य शिकणाऱ्या मुली येतात. कुणी आपल्या घरी भाड्याने राहते, कुणी आठवडाभर जेवायला असते. त्यांच्यासाठी आपण इतकं करू शकतो. सावकाश बोलावं. पाणी, संडास, आंघोळीची जागा पहिल्याच दिवशी दाखवावी, विचारायची वेळ आणू नये. तिला पाहुणी म्हणून बसवून न ठेवता भाजी निवडायला घ्यावं. हात कामात असले की बोलणं आपोआप सुरू होतं. तिने दार लावलं तर रागावली असं धरू नये. आणि पैशांचं पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोलून घ्यावं.

तुमच्या घरी अशी कुणी परकी लेक राहून गेली असेल, तर तिला तुम्ही काय शिकवलंत आणि तिच्याकडून तुम्ही काय शिकलात, ते आम्हाला जरूर कळवा. येत्या भागात तुमचे अनुभव वाचून दाखवू. नमस्कार.