शिकवील तो मालक

नवा माणूस कामावर येतो, चार दिवसांत त्याच्या हातून काही चुकते आणि मालक म्हणतो, "हा काही कामाचा नाही!" शाळेत मुलाला गणित आले नाही तर लोक शिक्षकाला जाब विचारतात. दुकानात व कारखान्यात मात्र सारे खापर शिकणाऱ्याच्याच माथी फुटते. हे योग्य आहे काय?

अमेरिकेत शिकागो शहराच्या उत्तर भागात डेव्हन ॲव्हेन्यू हा रस्ता आहे. साड्या, दागिने, मसाले, मिठाई, सारे तेथे मिळते. रस्त्याच्या एका भागाला महात्मा गांधींचे नाव दिले आहे, तर दुसऱ्याला महंमद अली जीनांचे. १९७४ साली मफत व तुलसी पटेल या बंधूंनी येथे किराणा मालाचे लहानसे दुकान उघडले. आज 'पटेल ब्रदर्स'ची अमेरिकेत पन्नासहून अधिक दुकाने आहेत. एकाची इतकी दुकाने होतात तेव्हा मालकाला प्रत्येक गल्ल्यावर स्वतः बसता येत नाही. काम दुसऱ्याच्या हाती सोपवावेच लागते, आणि सोपवायचे तर आधी शिकवावे लागते.

या रस्त्यावर कामाला लागणारा माणूस पुष्कळदा नुकताच देश सोडून आलेला असतो. नाणी नवी, पौंडाची वजने नवी, गिऱ्हाइकाची बोली नवी. तेथील एका दुकानात नव्या मुलाचा हिशेब चुकला, तेव्हा मालक सर्वांदेखत त्याच्यावर ओरडला. त्यानंतर तो मुलगा अडला तरी कोणास काही विचारीना. दुसऱ्या एका दुकानातील बाई मात्र नव्या मुलीला आधी काम करून दाखवीत, कारण सांगत, मग तिच्याकडून करवून घेत आणि जरा वेळाने पुन्हा येऊन पाहत. मुलगी निःसंकोचपणे विचारत होती. आम्हां शिक्षकांना दोन्ही दुकानांत वर्गच दिसला.

त्या बाईंची रीत नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि यंत्रांवर नवखे लोक आले. तेव्हा अमेरिकन सरकारने १९४० ते १९४५ या काळात 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' ही योजना चालवली. मुकादमांना चार पायऱ्या शिकवल्या: शिकणाऱ्याची भीती घालवून त्याची तयारी करणे, काम दाखवून समजावणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि नंतर लक्ष ठेवणे. कामगार शिकला नाही तर शिकवणाऱ्याने शिकवलेच नाही असे समजावे, हे या योजनेचे सूत्र होते. शिक्षक-प्रशिक्षणात आपण हर्बार्टच्या पायऱ्या शिकतो. त्यांच्याशी या पायऱ्यांचे जवळचे नाते आहे.

शिकागोला लागूनच असलेल्या सिसेरो गावी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. तो १९८३ साली बंद झाला. तेथे १९२७ पासून टेलिफोनचे भाग जोडणाऱ्या पाच मुलींना वेगळ्या खोलीत बसवून प्रयोग केले. त्यांना विश्रांती दिली, त्यांचे मतही विचारले. उत्पादन वाढले. कारणांविषयी विद्वानांत वाद आहे. कोणी विश्रांतीला, कोणी वेतनाच्या पद्धतीला, तर कोणी मिळालेल्या आपुलकीला श्रेय देतात. पुढे त्याच कारखान्यात हजारो कामगारांच्या मुलाखती घेऊन त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यात आले. माणूस काय म्हणतो हे विचारावे, एवढा धडा तरी यातून मिळतो.

आपल्या मॉरिशसमध्येही आपली मुले-मुली आज हॉटेलांत, कपड्यांच्या कारखान्यांत, एबेनच्या कचेऱ्यांत काम करतात, आणि काहीजण तेथे अधिकारी आहेत. येथे मालकांकडून प्रशिक्षण-कर घेतला जातो व शिकवणाऱ्या मालकाला त्यातून खर्चाचा काही भाग परत मिळू शकतो. पण नुसत्या वर्गाला पाठवून भागत नाही. परत आल्यावर शिकलेले वापरून पाहण्यास वेळ व संधी दिली पाहिजे. पी हळद नि हो गोरी, असे कोणाचेच होत नाही.

म्हणून ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत त्यांना आमची विनंती आहे. एका वेळी एकच काम शिकवा. चूक एकांतात सांगा, शाबासकी चारचौघांत द्या. आठवड्यातून एकदा विचारा, "कोठे अडते?" उत्तर येईपर्यंत थांबा. नव्या माणसाच्या रोजीरोटीचा प्रश्न पुष्कळदा त्या थांबण्यावरच अवलंबून असतो.