केंद्रीय दारूगोळा भांडार, पुलगाव : दुर्घटना व शासकीय उत्तरदायित्व

केंद्रीय दारूगोळा भांडार, पुलगाव हे महाराष्ट्राच्या वर्धा जिल्ह्यातील भारतीय लष्कराचे दारूगोळा साठवण केंद्र असून देशातील अशा सर्वांत मोठ्या केंद्रांत त्याची गणना होते. ३१ मे २०१६ ची आग व २० नोव्हेंबर २०१८ चा स्फोट या दोन दुर्घटनांमुळे शस्त्रसाठ्यांच्या सुरक्षिततेबाबत शासन कोणास व कसे उत्तरदायी असते, हा प्रश्न देशापुढे आला. प्रस्तुत लेखात या दुर्घटना आणि संरक्षण खात्यावर देखरेख ठेवणाऱ्या घटनात्मक व वैधानिक यंत्रणा यांचा परिचय दिला आहे.

== स्थान व कार्य ==
पुलगाव हे देवळी तालुक्यातील गाव वर्धा नदीच्या काठी, मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावर वसले आहे. आयुध निर्माणींत तयार झालेला दारूगोळा येथे येतो, साठविला जातो व मागणीनुसार इतर भांडारांकडे आणि तुकड्यांकडे रवाना होतो. भांडाराची व्यवस्था लष्कराच्या आर्मी ऑर्डनन्स कोरकडे आहे. आगरगाव, नागझरी आदी गावे भांडाराच्या परिसरात आहेत.

== साठवणीतील धोका ==
दारूगोळा ही नाशवंत वस्तू आहे. प्रत्येक प्रकारास ठरावीक आयुर्मान असते. उष्णता, आर्द्रता व काळ यांच्या परिणामाने स्फोटकांचे रासायनिक स्थैर्य कमी होऊ शकते. म्हणून कोठारे एकमेकांपासून ठरावीक अंतरावर बांधतात, त्यांच्याभोवती मातीचे बंधारे घालतात, विसंगत स्फोटके एकत्र ठेवत नाहीत आणि सदोष अथवा मुदतबाह्य माल वेगळा काढून नष्ट करतात. एका कोठारातील स्फोट शेजारच्या कोठारात पोहोचू नये, हे या रचनेमागील तत्त्व होय. हा धोका भांडाराच्या कुंपणापाशी संपत नाही. त्यामुळेच संरक्षण बांधकामे अधिनियम, १९०३ अन्वये अशा स्थळांभोवतीच्या खासगी जमिनींवरील बांधकामास निर्बंध घालता येतात. त्यापोटी जमीनधारकांना नुकसानभरपाई देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे.

== २०१६ ची आग ==
३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर भांडारातील एका कोठारास आग लागून प्रचंड स्फोट झाले. आसपासच्या गावांतील रहिवाशांना रात्रीच घरे सोडून सुरक्षित ठिकाणी जावे लागले. आग इतर कोठारांत पसरू न देण्यात जवानांना व अग्निशमन कर्मचाऱ्यांना यश आले. मात्र त्या प्रयत्नात अनेकांचे प्राण गेले. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह १६ जण मृत्युमुखी पडल्याचे प्रथम जाहीर झाले. काही जखमींचा नंतर मृत्यू झाल्याने ही संख्या १९ झाली. मृतांत संरक्षण सुरक्षा दल व अग्निशमन दलाच्या कर्मचाऱ्यांचा भरणा होता. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी त्याच दिवशी घटनास्थळास भेट दिली.

लष्कराने चौकशी न्यायालय नेमले. त्याच्या निष्कर्षांविषयी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार रणगाडाविरोधी सुरुंगांतील टीएनटी हे स्फोटक झिरपून बाहेर येणे हे आगीचे कारण ठरले. येथे उत्तरदायित्वाची साखळी लांबते. सुरुंग बनविणारी निर्माणी, त्याची तपासणी करणारे गुणवत्ता हमी महासंचालनालय आणि तो सांभाळणारे लष्कर या तिन्ही यंत्रणा एकाच संरक्षण मंत्रालयाच्या छत्राखाली असल्या, तरी त्यांची प्रशासकीय रचना स्वतंत्र आहे. दोष एकीकडे उत्पन्न होतो, दुसरीकडे नजरेतून सुटतो आणि त्याची किंमत तिसरीकडच्या माणसांना मोजावी लागते. शिवाय लष्करी चौकशी न्यायालयाचे कामकाज सहसा जाहीर केले जात नाही.

== २०१८ चा स्फोट ==
२० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी सोनेगाव (आबाजी) जवळील मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू होते. पेट्या उतरवीत असताना स्फोट होऊन सहा जण ठार झाले व अनेक जखमी झाले. मैदान पुलगाव भांडाराचे होते. दारूगोळा जबलपूरजवळील खमरिया आयुध निर्माणीचा होता आणि हमालीस ठेकेदाराने आणलेले परिसरातील मजूर होते. मृतांत निर्माणीचा एक कर्मचारी वगळता प्रामुख्याने अशाच मजुरांचा समावेश होता. स्फोटके हाताळण्याचे प्रशिक्षण, संरक्षक साधने व विमा यांची जबाबदारी मैदानाच्या मालकाची, मालाच्या मालकाची की ठेकेदाराची, हा प्रश्न या घटनेने पुढे आणला.

१ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. दारूगोळा बनविणाऱ्या निर्माणी पुणे येथे मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेल्या. पूर्व विदर्भातील भंडारा आयुध निर्माणी हीदेखील त्यांपैकीच असून २४ जानेवारी २०२५ रोजी तेथे झालेल्या स्फोटात किमान आठ कामगार मृत्यू पावले.

== लेखापरीक्षण व संसदीय देखरेख ==
संविधानाच्या अनुच्छेद १५१ नुसार भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचे केंद्राविषयीचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. लोकलेखा समिती त्यांची छाननी करते. संरक्षणविषयक स्थायी समिती खात्याच्या अनुदानाच्या मागण्या तपासते.

लष्कराच्या दारूगोळा व्यवस्थापनावरील महालेखापरीक्षकांचा अहवाल मे २०१५ मध्ये, म्हणजे पुलगावच्या आगीच्या सुमारे एक वर्ष आधी, संसदेत मांडला गेला होता. भांडारांतील अग्निशमन साधने आवश्यकतेपेक्षा कमी असून आगीचा धोका कायम असल्याचे त्यात नमूद होते. भरतपूर (२०००) व काश्मीरमधील खुंद्रू (२००७) येथील आगींचा अनुभवही देशाच्या गाठीशी होता. जुलै २०१७ मधील पाठपुरावा अहवालातही अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या तुटवड्याची नोंद आली. यावरून लेखापरीक्षणाची मर्यादा ध्यानात येते. लेखापरीक्षक उणीव दाखवू शकतो. ती दूर करण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्याला नाही. अहवालावर विहित मुदतीत कार्यवाही झाली किंवा नाही, हे मंत्रालयास विचारण्याचे काम संसदेचे आहे.

याच अहवालांत दारूगोळ्याचा साठा किती दिवस पुरेल याची आकडेवारीही होती आणि तिच्या प्रसिद्धीवर आक्षेप घेतला गेला. पुढील काळात संरक्षणविषयक अहवाल संसदेत मांडले गेले, तरी संकेतस्थळावर ठेवणे थांबविण्यात आले. साठ्याचे आकडे झाकताना अग्निशमनातील उणिवाही सामान्य वाचकाच्या दृष्टीआड गेल्या.

== गुप्तता व माहितीचा अधिकार ==
माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(१)(अ) नुसार देशाच्या सुरक्षिततेस बाधक माहिती नाकारता येते. तथापि कलम ८(२) अन्वये लोकहित अधिक महत्त्वाचे ठरल्यास ती देता येते, आणि कलम २२ ने या कायद्यास शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ हून वरचे स्थान दिले आहे. कोठारात काय व किती आहे हे गुपित असणे समजण्याजोगे आहे. मात्र आग लागल्यास शेजारच्या गावाने कोणत्या रस्त्याने बाहेर पडावे, हे गुपित ठेवून कोणाचेच रक्षण होत नाही.

== अण्वस्त्रांच्या संदर्भात ==
पुलगावचे भांडार पारंपरिक दारूगोळ्याचे आहे. अण्वस्त्रांबाबत हीच देखरेख अधिक विरळ होते. ४ जानेवारी २००३ रोजी शासनाने आण्विक धोरणाचा सारांश जाहीर केला. त्यानुसार अण्वस्त्रवापराचा निर्णय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय परिषदच घेऊ शकते. वापराचा अधिकार कोणाचा हे अशा रीतीने स्पष्ट झाले, पण सुरक्षिततेच्या बाह्य तपासणीविषयी तशी स्पष्टता नाही. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीतून मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र २००० साली वगळण्यात आले. आण्विक प्रकल्पांतील त्रुटींविषयीचा मंडळाचा १९९५ चा अहवाल उघड व्हावा, यासाठीची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली आणि अणुऊर्जा अधिनियम, १९६२ चे गुप्ततेचे कलम सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये वैध ठरविले. मंडळास पुरेशी स्वायत्तता नसल्याचे महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये नोंदविले.

गुपिते न फोडताही उत्तर देता येते, याचे उदाहरण उपलब्ध आहे. ९ मार्च २०२२ रोजी चुकून सुटलेले ब्रह्मोस क्षेपणास्त्र पाकिस्तानात पडले. शासनाने चूक मान्य केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कार्यपद्धतीचे उल्लंघन झाल्याचे सांगून हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढल्याचे जाहीर केले.

== हे सुद्धा पहा ==
* वर्धा जिल्हा
* भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक
* माहितीचा अधिकार अधिनियम, २००५
* अणुऊर्जा नियामक मंडळ