कानातला तोल, वाटेची आठवण

वरठीच्या आसपास पावसाळ्यात धानाच्या बांध्यांतून जायचे तर धुऱ्यावरूनच चालावे लागते. धुरा अरुंद, ओला, निसरडा. तरीही अंधारात सवयीचा शेतकरी बिनचूक घरी पोचतो. डोळ्यांना दिसत नसताना त्याला सांभाळते कोण? पायांचे तळवे आणि कान.

प्रत्येक अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकृती नलिका असतात. डोके वळले की आतला द्रव किंचित मागे रेंगाळतो, त्याने केशपेशी हलतात आणि वळणाची वर्दी मेंदूला मिळते. शेजारच्या दोन पिशव्यांत चुनखडीचे सूक्ष्म कण असतात. त्यांवरून डोके कलले की शरीर पुढे सरकले, हे कळते. किती चाललो, कुठे वळलो हा हिशेब पुढे हिप्पोकॅम्पसपर्यंत पोचतो. जागेची आठवण मुख्यत्वे तिथेच घडते. विशिष्ट ठिकाणी आल्यावरच जाग्या होणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांना 1971 मध्ये उंदरांच्या याच भागात सापडल्या. 2002 च्या एका प्रयोगात उंदरांचे तोलाचे इंद्रिय तात्पुरते बधिर केले, तेव्हा या पेशींची ठिकाणाशी असलेली सांगड विस्कटली.

या संशोधनाचा आपल्याशी संबंध येतो तो क्षयरोगामुळे. 1943 मध्ये अमेरिकेत शोधलेले स्ट्रेप्टोमायसिन आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्येही तयार झाले. त्याने असंख्य जीव वाचवले. आपल्या क्षयरोग कार्यक्रमात दुसऱ्यांदा उपचार घेणाऱ्यांना अनेक वर्षे पहिले दोन महिने याच्या सुया दिल्या जात. पण हे औषध काहींच्या केशपेशी कायमच्या मारते, आणि त्यातही ऐकण्याआधी बहुधा तोलाच्या. त्यामुळे ऐकू नीट येते आणि कानावर कुणाचा संशय जात नाही. अंधारात झोक जातो, चालताना समोरचे दृश्य हलते. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे.

2005 मध्ये जर्मनीतील थॉमस ब्रांट आणि सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंचा तोल गमावलेले दहा रुग्ण तपासले. त्यांचा हिप्पोकॅम्पस निरोगी माणसांच्या तुलनेत सरासरी 16.9 टक्क्यांनी लहान होता. संगणकावरच्या आभासी जागेत वाट लक्षात ठेवणे त्यांना जड गेले. इतर स्मरणशक्ती मात्र शाबूत होती. अभ्यास लहान आहे. 2007 मध्ये याच गटाला एकाच बाजूची हानी असलेल्यांत असा संकोच आढळला नाही. म्हणून तोल गेला की स्मृती गेलीच, असे समजू नये.

पण उलट बाजूही ध्यानात ठेवायला हवी. घरातले वडीलधारे ओळखीच्या रस्त्यावर गोंधळू लागले की आपण लगेच ‘आता वय झालं’ म्हणून मोकळे होतो. तसे म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: अंधारात तोल जातो का? पूर्वी क्षयाच्या सुया घेतल्या होत्या का? उत्तर ‘हो’ असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला ते आवर्जून सांगावे. मेलेल्या केशपेशी परत येत नाहीत. मात्र नेमक्या व्यायामाने डोळे आणि पाय त्यांचे बरेचसे काम उचलतात. आणि तोवर रात्री अंगणात एक दिवा चालू ठेवावा.