टेबलाला 'ती' का म्हणायचे?

फ्रेंच भाषा शिकायला बसलेल्या मुलाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो. 'टेबल ही बाई कशी काय?' फ्रेंचमध्ये टेबलाला म्हणतात 'ला ताब्ल'. यातले 'ला' स्त्रीलिंगाचे. पुस्तक म्हणजे 'ल लिव्र', आणि यातले 'ल' पुल्लिंगाचे. सूर्य पुरुष, चंद्र मात्र बाई. घर बाई, गाव पुरुष. मुलगा चक्रावून जातो आणि विचारतो, हे कुणी ठरवले?

मी स्वतः पुष्कळ वर्षे फ्रेंच इंग्रजीच्या मार्फत शिकवले. पुस्तके इंग्रजीतली, नियम इंग्रजीतले, फळ्यावर डावीकडे फ्रेंच आणि उजवीकडे इंग्रजी. मराठी शाळेतून आलेली मुले मागच्या बाकावर गप्प बसत. आपले इंग्रजी कच्चे, तेव्हा फ्रेंच आपल्या नशिबात नाही, असे त्यांनी मनाशी धरलेले असे आणि दिवाळीच्या सुटीनंतर त्यातली निम्मी येईनाशी होत. एकदा लिंगाचा हाच धडा चालू असताना मी सांगत होतो की, निर्जीव वस्तूला लिंग असणे ही फ्रेंचची मोठी विचित्र गोष्ट आहे, ती पाठच करावी लागते. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "सर, आपण 'बस आली' म्हणतो, 'ट्रक आला' म्हणतो. ते तरी आपल्याला कुठं कुणी शिकवलं?"

मला उत्तर देता येईना. विचित्र असेल तर ते इंग्रजी माणसाला. आमच्या खुर्चीला 'ती', दगडाला 'तो' आणि झाडाला 'ते' म्हणणाऱ्या मुलाला त्यात नवल कसले? उलट आपल्याकडे लिंगे तीन, फ्रेंचमध्ये दोनच. लॅटिनमध्ये तीन होती, पण फ्रेंचने नपुंसकलिंग सोडून दिले आणि त्यातले बरेचसे शब्द पुल्लिंगात गेले. संस्कृतचे नपुंसकलिंग हिंदीने असेच सोडले, मराठीने ठेवले. म्हणजे आपल्या मुलाला काम कमीच पडते. फक्त एक सवय लावायची. शब्द एकटा पाठ करायचा नाही. 'ताब्ल' म्हणायचे नाही, 'ला ताब्ल' म्हणायचे. काही शेवट ओळखीचे होतात. 'नास्यों'सारखे, म्हणजे राष्ट्र या अर्थाच्या शब्दासारखे, 'स्यों'वर संपणारे शब्द बहुतेक स्त्रीलिंगी. 'व्हिलाझ', म्हणजे गाव, यासारखे 'आझ'वर संपणारे बहुतेक पुल्लिंगी. पण समुद्रकिनाऱ्याचा शब्द 'प्लाझ' मात्र स्त्रीलिंगी, तेव्हा फार विश्वासू नये. (हा 'झ' आपला नव्हे. 'श' म्हणता म्हणता गळ्यातून आवाज काढला की तो होतो.)

लिंग चुकले तर बिघडते काय? पुष्कळदा काही नाही, समोरचा हसून समजून घेतो. पण 'ल तूर' म्हणजे फेरी आणि 'ला तूर' म्हणजे मनोरा. सायकलींची जी प्रसिद्ध शर्यत फ्रान्सभर फिरते ती पहिल्यातली, आणि पॅरिसचा आयफेल मनोरा दुसऱ्यातला. आमच्या लातूरचा याच्याशी काही संबंध नाही, पण लातूरकडच्या मुलांना हे उदाहरण एकदा सांगितले की जन्मात विसरत नाहीत. आणि खुद्द फ्रेंचांचेही नव्या शब्दांवर एकमत होत नाही. 2020 साली तिथल्या फ्रेंच अकादमीने कोविड हा शब्द स्त्रीलिंगी मानावा असे सांगितले, तरी पुष्कळ लोक तो पुल्लिंगीच वापरत राहिले.

दुसरा प्रश्न येतो 'त्याची' आणि 'तिची' यांचा. इंग्रजीत बोलणारा मालकाकडे पाहतो. मालक पुरुष की बाई एवढेच त्याच्या शब्दातून कळते. फ्रेंच माणूस वस्तूकडे पाहतो. 'सा मेर' म्हणजे आई, 'सों फ्रेर' म्हणजे भाऊ. मग आई मुलाची असो की मुलीची, 'सा' बदलत नाही, कारण आई स्त्रीलिंगी. इंग्रजीतून शिकलेला मुलगा इथे हटकून चुकतो, मुलाच्या आईला 'सों मेर' म्हणतो. मराठी मुलाला एवढेच सांगावे की, तुझ्या 'त्याची आई, त्याचा भाऊ' यातला जो 'ची' आणि 'चा', तोच हा 'सा' आणि 'सों'. आपल्या शब्दात मालक आणि वस्तू दोघेही दिसतात, फ्रेंचमध्ये फक्त वस्तू. एक लहानशी अडचण राहते. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला तर स्त्रीलिंगापुढेही 'सों'च येते, कारण 'सा'नंतर लगेच दुसरा स्वर त्यांना बोलायला जड जातो.

आता खरा अवघड म्हणून नावाजलेला नियम. पोरे याला घाबरतात, आणि फ्रेंच पोरेही घाबरतात. 'मी चिठ्ठी लिहिली' हे फ्रेंचमध्ये 'झे एक्री ला लेत्र'. पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणायचे झाले की 'ला लेत्र क झे एक्रीत'. 'एक्री'चे 'एक्रीत' झाले. का? चिठ्ठी स्त्रीलिंगी, म्हणून लिहिण्याचा शब्दही स्त्रीलिंगी झाला. मग पहिल्या वाक्यात का नाही झाला? कारण तिथे चिठ्ठी नंतर आली. कर्म आधी आले तर शब्द कर्माप्रमाणे बदलायचा, नंतर आले तर नाही. सोळाव्या शतकात क्लेमां मारो नावाच्या कवीने हा नियम आपल्या कवितेत मांडला आणि तेव्हापासून शाळांमधून त्यावर छड्या खाल्ल्या गेल्या. 2018 साली बेल्जियममधल्या दोघा फ्रेंच शिक्षकांनी हा बदल आता काढूनच टाका म्हणून लिहिले, त्यावर केवढा गदारोळ झाला!

इंग्रजीच्या वाटेने गेलात तर हा नियम म्हणजे नुसती छळवणूक वाटते. पण आपल्या वाटेने पाहा. 'त्याने आंबा खाल्ला, त्याने पोळी खाल्ली, त्याने केळे खाल्ले.' खाणारा तोच, पण क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलते. शाळेत याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो आणि सातवीच्या मुलालाही तो ओळखता येतो. हे असे का झाले, हेही सांगण्याजोगे आहे. संस्कृतात म्हणत 'मया पत्रिका लिखिता', म्हणजे माझ्याकडून चिठ्ठी लिहिलेली. 'लिखिता' हे खरे म्हणजे चिठ्ठीचे विशेषण. म्हणून तर ते चिठ्ठीसारखे स्त्रीलिंगी. त्या 'मया'चा 'म्या' झाला, आणि 'म्या चिठ्ठी लिवली' असे म्हणणारी माणसे खेड्यापाड्यातून आजही आहेत. त्याला कुणी अशुद्ध म्हणून हसू नये. 'मी'पेक्षा ते 'म्या' व्याकरणाच्या जास्त जवळचे आहे.

फ्रेंचच्या आजीने, म्हणजे लॅटिनने, जवळजवळ हेच केले. 'माझ्यापाशी लिहिलेली चिठ्ठी आहे' अशा धर्तीचे वाक्य ती बोलू लागली. तिथेही 'लिहिलेली' हे चिठ्ठीचे विशेषण. पुढे त्या 'माझ्यापाशी आहे'मधून 'झे' झाले आणि विशेषणाचे 'एक्री'. म्हणजे संस्कृतपासून आपण आणि लॅटिनपासून ते, एकमेकांना न विचारता एकाच बांधावरून चाललो. फरक एवढाच, की आपल्या वाक्यात कर्म सहसा क्रियापदाच्या आधीच येते, म्हणून आपला मेळ नेहमी दिसतो. त्यांच्याकडे कर्म बहुधा मागून येते, म्हणून मेळ कधी दिसतो, कधी लपतो. तेव्हा शिक्षकांना माझे सांगणे असे, की मुलांना नियम पाठ करायला लावू नका. 'कर्म आधी आले की मराठीसारखे वाग, नंतर आले की गप्प राहा' एवढे पुरते.

येण्याजाण्याच्या काही क्रियापदांचे तर याहून सोपे. 'तो आला, ती आली' यात आपण कर्त्याकडे पाहतो, तेही तसेच पाहतात. म्हातारा वारला तर 'मोर', म्हातारी वारली तर 'मोर्त'. फक्त इथे सावध राहावे. येणे, जाणे, पडणे, जन्मणे, मरणे अशी थोडकीच क्रियापदे या रांगेत बसतात. धावणे आणि चालणे बसत नाहीत, ती 'झे'वाल्या रांगेत आहेत. ती यादी मात्र पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

'नाही' म्हणायला फ्रेंच दोन शब्द का वापरतात, हाही प्रश्न नेहमीचा. 'झ न मार्श पा', मी चालत नाही. यात 'न' म्हणजे नाही, हे आपल्याला सांगावे लागत नाही. मग 'पा' कशाला? 'पा' म्हणजे पाऊल. मूळचे म्हणणे असे, की मी एक पाऊलही चालत नाही. आपण नाही का म्हणत, थेंबभर पाणी प्यायलो नाही, कणभर खाल्लं नाही? जुन्या फ्रेंचमध्येही पाऊल होते, थेंब होता, चुऱ्याचा कण होता, ठिपका होता. त्यातले पाऊल टिकले आणि सगळ्याच क्रियापदांना चिकटले; आता 'मी खात नाही' म्हणतानाही पाऊल येते. गंमत म्हणजे बोलताना लोक 'न' गाळतात आणि नुसते 'पा' ठेवतात. ज्याचा अर्थ पाऊल, तोच शब्द एकटा 'नाही' म्हणू लागला.

आकड्यांबद्दल मुले तक्रार करतात. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्याण्णव म्हणजे चार-वीस-एकोणीस. ही तक्रार घेऊन आलेल्या मुलाला आजीकडे पाठवावे. अंडी नाहीतर कवड्या मोजताना चार विसा, पाच विसा म्हणणारी आजी ज्याच्या घरी होती, त्याला फ्रेंच ऐंशी शिकवावे लागत नाही. पॅरिसमध्ये तेराव्या शतकात नवव्या लुई राजाने तीनशे अंधांसाठी एक आश्रयस्थान काढले. त्याचे नाव 'कँझ व्हँ', म्हणजे पंधरा विसा. ती संस्था आज डोळ्यांचे रुग्णालय आहे आणि नाव तेच आहे. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये मात्र सत्तर आणि नव्वदला सरळ एकेक शब्द आहे.

तू आणि तुम्ही, म्हणजे 'त्यू' आणि 'वू', यांबद्दल आपल्याला विशेष काही सांगायला नको. अरेतुरे करणे आणि अहोजाहो करणे यांना त्यांच्याकडे एकेक स्वतंत्र क्रियापदच आहे, एवढे सांगितले की वर्ग खूश होतो. एक फरक लक्षात ठेवावा. आपल्याकडे वडिलांना पुष्कळ घरांत 'तुम्ही' म्हणतात. तिथे आज बहुतेक घरांत आईला आणि वडिलांना दोघांनाही 'त्यू'च म्हणतात. त्यात अनादर नसतो.

लिहितात ते सगळे बोलत का नाहीत, असे विचारणाऱ्याला मी 'राम' लिहायला सांगतो आणि मग म्हणायला सांगतो. शेवटचा 'अ' कुठे गेला? बोलताना गेला, पण अभंग गाताना तोच 'अ' पुन्हा ऐकू येतो. फ्रेंचमधला शेवटचा मुका स्वरही असाच गाण्यात आणि कवितेत जागा होतो. मात्र या मुकेपणाचा एक परिणाम मोठा आहे. आपण 'येतो', 'येतेस' म्हटले की कोण ते शेवटावरून कळते, म्हणून 'मी' आणि 'तू' गाळले तरी चालतात. फ्रेंच क्रियापदाचे शेवट कागदावर निराळे असले तरी कानाला पुष्कळदा सारखेच. म्हणून तिथे सर्वनाम कधी गाळायचे नाही. मराठी मुलाची ही चूक फार दिवस टिकते.

आणि एका ठिकाणी मराठी आपल्याला अजिबात मदत करत नाही, हेही सांगितले पाहिजे. मी पाव खातो, हे फ्रेंचमध्ये 'झ मांझ द्यू पँ'. हे 'द्यू' म्हणजे साधारण 'त्यातला काही'. जगातला सगळा पाव मी खात नाही, थोडा खातो, हे त्यांना बोलून दाखवावे लागते. स्त्रीलिंगी शब्द असेल तर 'द ला'. पण पाव मला आवडतो म्हटले की सगळाच पाव आला, मग 'झेम ल पँ'. आणि खात नाही म्हटले की काहीच उरले नाही, मग 'द्यू'चेही नुसते 'द' उरते: 'झ न मांझ पा द पँ'. ही तीन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहून आठवडाभर पुसू नयेत. पावाच्या जागी भात, मीठ, लोणी घालून मुलांकडून वदवून घ्यावीत.

'द्यू' मी लिहिले खरे, पण उच्चार तसा नाही. ओठ 'ऊ'सारखे गोल ठेवायचे आणि आतून 'ई' म्हणायचे. पहिल्या दिवशी सगळा वर्ग एकमेकांच्या तोंडाकडे बघून हसतो. हसू द्यावे.