कचऱ्याची उतरंड

पूर्वी महाराष्ट्रातील घरोघरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड रचलेली असे. सर्वांत मोठे मडके तळाशी, त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान आणि अगदी वर एखादे बोळके. हा क्रम केवळ शोभेसाठी नसे. तळचे मडके मोठे व स्थिर असेल, तरच वरची मडकी टिकत. क्रम उलटा केला, तर सारी उतरंड कोसळून खापऱ्याच हाती याव्या, हे उघड आहे. कचऱ्याच्या व्यवस्थेचेही असेच आहे.

कचऱ्याची व्यवस्था लावण्याचे मार्ग पाच. कचरा मुळात होऊच न देणे हा पहिला. हाताशी असलेली वस्तू पुन्हा पुन्हा वापरणे हा दुसरा. निरुपयोगी झालेल्या वस्तूपासून नवी वस्तू किंवा खत तयार करणे हा तिसरा. यात न बसणाऱ्या कचऱ्यापासून उष्णता वा वीज मिळवणे हा चौथा. आणि त्यातूनही उरेल ते सुरक्षितपणे पुरणे हा पाचवा व शेवटचा. युरोपीय संघाने २००८ साली हा क्रम कायद्यातच घातला. पहिला मार्ग म्हणजे उतरंडीचे तळचे मडके आणि पाचवा म्हणजे वरचे बोळके होय.

पहिल्या मार्गाला एवढे महत्त्व का? कोणतीही वस्तू घरात येण्यापूर्वीच तिच्यापायी पुष्कळसा कचरा झालेला असतो. ॲल्युमिनिअमच्या एका डब्यासाठी बॉक्साइटची खाण खणावी लागते, माती उपसावी लागते आणि धातू वेगळा करण्यासाठी फार मोठी वीज खर्चावी लागते. जी वस्तू घेतलीच नाही, तिच्यामागचा हा सारा खर्च आणि कचराही टळतो. बाजारात जाताना नेलेली कापडी पिशवी लहान दिसते खरी. पण ती शेकडो पिशव्यांचा जन्म टाळते.

दुसरा मार्ग मराठी घरांना नवा नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी होई, गोधडी फाटली की तिचे पायपुसणे होई. नारळाच्या शेंडीने आणि चुलीतल्या राखेने भांडी घासली जात. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावून ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली जात. जुने कपडे घेऊन नवी भांडी देणारी बोहारीण दारोदार फिरे. या काटकसरीमागे पुष्कळदा गरिबी होती, हे खरे. पण तिच्यातले शहाणपण गरिबीबरोबर टाकून देण्याजोगे नाही.

वस्तू अगदीच निकामी झाली म्हणजे तिसरा मार्ग येतो. जुने ॲल्युमिनिअम वितळवून नवे करण्यास खनिजापासून धातू काढण्याच्या मानाने सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. काचही पुन्हा पुन्हा वितळवता येते. कागदाचे मात्र तसे नाही. प्रत्येक खेपेस त्याचे तंतू आखूड होत जातात आणि काही वेळानंतर त्यांचा कागद होत नाही. म्हणूनच कागदाची पाठकोरी बाजू वापरणे हे तो रद्दीत घालण्यापेक्षा श्रेष्ठ. भाजीची देठे, फळांच्या साली, उष्टे अन्न या ओल्या कचऱ्यात वाळलेला पाला मिसळून त्यास हवा खेळती ठेवली, तर काही महिन्यांत काळेभोर, मातीचा वास असलेले खत तयार होते.

हाच ओला कचरा ढिगाखाली दडपला गेला म्हणजे त्याचे रूप पालटते. हवेवाचून कुजताना त्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू निघतो आणि काळे पाणी झिरपून जमिनीत उतरते. मुंबईतील देवनार येथे १९२७ पासून शहराचा कचरा टाकला जाऊ लागला. न निवडलेल्या कचऱ्याचे तेथे अक्षरशः डोंगर उभे राहिले. २०१६ च्या जानेवारीत त्यांना मोठी आग लागली. धूर दूरवर पसरला आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ज्या मुलांची शाळा बुडाली, त्यांनी काही तो डोंगर रचला नव्हता. वरचे बोळके सर्वांत मोठे केल्याचा हा परिणाम होता.

कचरा जाळून वीज करू, असे म्हणणेही सोपे आहे. परंतु भारतातील शहरांच्या कचऱ्यात सुमारे निम्मा भाग ओला असतो आणि ओले सरपण जसे धड पेटत नाही, तसाच हा कचराही. म्हणजे चौथ्या मार्गाने जाण्यासाठीसुद्धा आधी निवड हवीच.

ही निवड करणारे हात आजवर बहुधा अदृश्य राहिले. कागद, काच, पत्रा वेचून तो कारखान्यापर्यंत पोहोचवण्याचे काम गरीब स्त्रिया वर्षानुवर्षे करीत आल्या. १९९३ साली पुण्यात त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना स्थापन झाली. पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली पुणे महानगरपालिकेशी करार करून तिचे सभासद घरोघरी कचरा गोळा करू लागले. शिळ्या अन्नात फुटकी काच मिसळून दिली, तर ती कोणाच्या तरी बोटात शिरते. ती काच वेगळ्या कागदात गुंडाळून देण्यास घरच्या माणसाला क्षणभरच लागतो.

म्हणून कोणतीही वस्तू टाकण्यास हात उचलला, की क्रमाने विचारावे: हिच्यावाचून चालले असते काय? ही पुन्हा वापरता येईल काय? हिचे दुसरे काही होईल काय? या तीन प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे दिली, तर पुरण्याजोगे फारच थोडे उरते. आणि उतरंड आपल्या जागी उभी राहते.

स्वाध्याय

१. कचऱ्याच्या व्यवस्थेला उतरंडीची उपमा का दिली आहे?
२. ओला कचरा उघड्या हवेत आणि ढिगाखाली कुजण्यात काय फरक पडतो?
३. आपल्या घरातील एका दिवसाचा कचरा पाहून त्यातील कोणत्या वस्तू टाळता आल्या असत्या, याची यादी करा.